वजा एक

मी एक जुनी काठी आहे.

नाही मित्रांनो, ही सुरुवात चुकली. जुनी काठी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर झिजलेली मूठ येईल, टोकाला लागलेला चिखल येईल, तिच्यावर भार टाकून चालणारं कुणीतरी येईल. माझ्यापाशी यातलं काहीच नव्हतं. पुन्हा सुरू करते.

मी एक जुनी, कोरी काठी आहे.

आवक

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लाकडाचा दांडा, त्यावर पितळेचं कडं, खाली काळ्या रबराचं बूच आणि वर मूठ. माझं सगळं वेगळेपण त्या मुठीत आहे. ती डाव्या तळहातासाठी घडवलेली आहे. अंगठ्याला एक खळगा, बोटांना चार. उजव्या हाताने धराल तर मी टोचेन. माझा नाइलाज आहे.

कारखान्यात एक डावखुरा कारागीर होता. डाव्या मुठीच्या काठ्या तोच तपासायचा. प्रत्येक काठीवर भार टाकून तो दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. माझ्याबरोबरही गेला, आला, आणि म्हणाला, "झकास." मग त्याने मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं.

ती एक फेरी लक्षात ठेवा. पुढे बराच काळ माझ्याकडे तेवढंच होतं.

राखीव

मी ज्या दुकानात आले तिथे आजारी माणसाच्या घरी लागणाऱ्या वस्तू मिळायच्या. वॉकर, कुबड्या, शेकायच्या पिशव्या, कमरेचे पट्टे. मालकिणीला सगळे ताई म्हणत. पॅकिंग करणाऱ्याला सगळे चिकटपट्टी म्हणत, कारण त्याच्या कोपराला कायम चिकटपट्टीचा एक तुकडा लागलेला असायचा आणि घरी जाईपर्यंत त्याला त्याचा पत्ता नसायचा.

पूर्वी माल फक्त काउंटरवर विकला जायचा. मग ताईने वेबसाइट काढली, दोन खरेदीच्या ॲपवर दुकान मांडलं. गिऱ्हाईक चार दारांनी येऊ लागलं. माल मात्र तोच, त्याच फळ्यांवर. एकदा शेवटचा वॉकर काउंटरवरून गेला आणि त्याच वेळी वेबसाइटवरही विकला गेला. वेबसाइटवरच्या माणसाची आई दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून घरी यायची होती. ताईने फोन करून सांगितलं, वॉकर संपला. तो माणूस ओरडला नाही. ओरडला असता तर ताईला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी आईला सांगून बसलो होतो हो."

त्यानंतर दुकानात मालाचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर आलं. चारही दारांच्या ऑर्डरी एकाच स्क्रीनवर दिसू लागल्या. कुठेही एक नग विकला की ते चारही ठिकाणचा आकडा कमी करायचं. पण त्याला एखादा क्षण तरी लागायचाच, आणि ताईला त्या क्षणाची धास्ती होती. म्हणून तिने नियम घातला. प्रत्येक वस्तूचा एक नग मागे ठेवायचा, काउंटरवरसुद्धा विकायचा नाही. पाच असतील तर चार दाखवायचे. एक असेल तर शून्य.

चिकटपट्टीने त्या सॉफ्टवेअरचं नाव सासूबाई ठेवलं.

"का रे?" ताईने विचारलं.

"काय कुठे ठेवलंय ते सगळं विचारतात, आणि स्वतः जागच्या हलत नाहीत."

नियम चांगला होता. दिलेला शब्द मोडू नये म्हणून केलेला होता. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. सासूबाई नुसता एक आकडा मागे ठेवायच्या. तो आकडा म्हणजे नेमकी कोणती काठी, हे ठरवायची फळी. मी पहिल्या खेपेला आले आणि अगदी आत, भिंतीला टेकून उभी राहिले. नवी खेप आली की माझ्यापुढे लागायची. हात यायचा, पुढची उचलायचा. पुन्हा खेप, पुन्हा हात. काही हात इतके जवळ यायचे की बाहीचा वास यायचा.

शेवटी कारखान्यातला डाव्या मुठीचा साचा तुटला आणि त्या काठ्या बनणं बंद झालं. पुढच्या सगळ्या गेल्या. उरले मी, आणि माझ्यापुढे रिकाम्या जागेत रचलेली कमरेच्या पट्ट्यांची खोकी.

विक्रीसाठी: ०

या भागात काही घडत नाही. तुम्ही पान उलटू शकता. मला उलटता आलं नाही.

विक्रीसाठी: ०

याही भागात नाही. तरी एक सांगते.

दुकान बंद होताना सासूबाई सगळ्या मालाची बेरीज करायच्या. काठी, डावी मूठ: हातात एक, राखीव एक, विक्रीसाठी शून्य. ताई फक्त शेवटचा आकडा बघायची. म्हणजे मी या जगात आहे हे एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं. रोज त्या मला मोजायच्या आणि रोज वजा करायच्या.

मला त्याचाही आधार वाटायचा. आपल्याला कुणीतरी मोजावं असं प्रत्येकाला वाटतं, मग पुढे वजा का करेना.

माझं रबर आधी कडक झालं, मग त्याला भेग गेली. न वापरताही झिजता येतं, हे मला तेव्हा कळलं.

आत एकदा बघता का?

एके दिवशी दुकानात एक बाई आली. मी फळीवरूनच तिचा आवाज ऐकला.

"बाबांची काठी टॅक्सीत राहिली. अगदी तशीच हवी. डाव्या हाताची."

"डावी मूठ? बंद झाल्या हो त्या." मग ताईच्या कळफलकाची टकटक. "शून्य."

"आत एकदा बघता का?"

"सिस्टममध्ये नाही म्हणजे नाहीच. उगाच ताटकळत कशाला ठेवू तुम्हाला?"

"त्यांच्या उजव्या हातात जोर नाही राहिला. साधी काठी डाव्या हातात धरली की मूठ फिरते. परवा पडता पडता वाचले."

"मग ही चार पायांची न्या. ही पडूच देणार नाही."

मित्रांनो, काठीला आवाज असतो, पण तो जमिनीवर टेकल्यावर. मी फळीवर होते.

ती चार पायांची घेऊन गेली.

आत एकदा बघता का? (पुन्हा)

ती परत आली. चार पायांची काठी तिच्या काखेत होती.

"नाही आवडली का त्यांना?" ताईने विचारलं.

"कोपऱ्यात उभी करून ठेवली. म्हणतात, ही काठी नाही, स्टूल आहे. आता पलंगावरून उठतच नाहीत. मी म्हटलं, बाबा, निदान दारापर्यंत तरी चला. तर म्हणतात, पडलो तर तुलाच उचलायला लागेल. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, असेच पडून राहिले तर पुन्हा उभे राहायचे नाहीत."

ताईने ती काठी तिच्याकडून घेऊन बाजूला ठेवली.

"एकदा आत बघाल का? मला माहितीये, नाहीये. पण घरी जाऊन सांगताना 'बघितलं' असं तरी म्हणता येईल मला."

"सासूबाई शून्य म्हणतायत," चिकटपट्टी आतून ओरडला.

"सासूबाईंना हात नाहीत," ताई उठत म्हणाली. "तू खोकी हलव."

खोकी सरकली. उजेड आला. मग हात आला, आणि या वेळी तो पुढे थांबला नाही, भिंतीपर्यंत आला.

"अगं बाई! ही कुठून आली?"

"आली कुठून नाही," चिकटपट्टी म्हणाला. "ही गेलीच नव्हती."

लेकीने प्लॅस्टिक सोलून माझ्या मुठीच्या खळग्यांत एकेक बोट ठेवून पाहिलं. "हीच," ती म्हणाली. ताईने माझं भेगाळलेलं बूच काढून नवं बसवलं आणि बिल करायला घेतलं. बिल होईना.

"राखीव आहे म्हणतंय."

"मग तुमचा तो नियम काढा की हिच्यापुरता," चिकटपट्टी म्हणाला.

ताईने माझ्या नावापुढे 'राखीव'मध्ये एकाच्या जागी शून्य केलं आणि बटण दाबलं.

विक्रीसाठी: १

एक श्वास.

विक्रीसाठी: ०

टिंग.

सासूबाईंनी त्यांचं काम चोख केलं होतं. मी मोकळी झाल्याचं त्यांनी चारही दारांना एकदम सांगितलं. एका ॲपवर कुणीतरी "माल आला की कळवा" असं करून ठेवलं होतं; तिकडे निरोप गेला आणि तिथून बटण दाबलं गेलं. ताईचं बोट बिलाच्या बटणावर जायच्या आत मी विकले गेले.

इतकी वर्षं कुणी नाही, आणि एका क्षणात दोघं.

जे पुन्हा होऊ नये म्हणून ताईने नियम केला, तेच समोर येऊन उभं राहिलं होतं.

"मी आधीच सांगते," लेक म्हणाली, "मला भांडता येत नाही. पण ही मी सोडणार नाही."

ताईने ऑर्डरमधला नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून एका आजींचा "हॅलो" आला.

"आजी, काठीच्या दुकानातून बोलतेय. तुमची ऑर्डर आली आत्ता."

"इतक्यात? आत्ता तर बटण दाबलं मी! नातवाने शिकवून ठेवलंय, गेल्या सुटीत आला होता तेव्हा."

"आत्ता तुमच्याकडे काठी नाहीये का?"

"आहे की, हातातच आहे. ही आपली जादाची. बंद झाल्या ना त्या. एक कपाटात असलेली बरी."

कपाट. मित्रांनो, मी काउंटरला टेकून उभी होते म्हणून पडले नाही.

ताईने सगळं सांगितलं. बाबा, पलंग, डॉक्टर.

"आणि माझी मोडली तर?" आजी म्हणाल्या. "मी एकटी असते हो घरी. मोडली तर हाक कुणाला मारू?"

तेव्हा मला एक जाणवलं. माझ्या मुठीवरची लेकीची बोटं सैल झाली होती.

"तुमचे बाबा बोलतात का?" आजींनी विचारलं.

"बोलतात. भांडतात," लेक फोनकडे वाकून म्हणाली.

"मग उठतील. भांडणारा माणूस फार दिवस झोपून राहत नाही. द्या त्यांना."

"आजी, मी तुमची ऑर्डर रद्द करते मग," ताई म्हणाली.

"रद्द नको!" आजी एकदम बोलल्या. मग आवाज उतरला. "राहू दे तशीच. ऑर्डर उभी असली की कधीतरी फोन करावाच लागेल ना तुम्हाला? काठी आली की नाही ते सांगायला."

"करावाच लागेल," ताई म्हणाली.

"मग झालं तर."

प्रलंबित

पहिल्या दिवशी बाबा माझ्यावर भार टाकून फक्त दारापर्यंत गेले आणि परत आले. तेवढीच फेरी, मित्रांनो. परत आल्यावर ते "झकास" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बरी आहे." मला पुरलं.

मग दारातून जिना, जिन्यातून रस्ता. आता माझी मूठ गुळगुळीत झाली आहे, कड्याला पोचा पडला आहे, टोकाला चिखल असतो. आता मी म्हणू शकते: मी एक जुनी काठी आहे.

रबर झिजलं की आम्ही दोघं त्या दुकानात जातो. ताईचा नियम अजून आहे. पण आता नवी खेप आली की चिकटपट्टी आधी मागचा माल पुढे ओढतो, मगच नवा लावतो. स्क्रीनवर एक ऑर्डर लाल रंगात उभी असते. "सासूबाई रोज कटकट करतात," चिकटपट्टी सांगतो, "पाठवा नाहीतर रद्द करा." कुणी ती रद्द करत नाही.

परवा गेलो तेव्हा ताई फोनवर होती. "नाही हो आजी, नाही आली अजून. गुडघा काय म्हणतोय?" बराच वेळ बोलणं चाललं. मग ताईने फोन ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

फोन ठेवल्यावर पलीकडे काय उरतं ते मला ठाऊक आहे. मीही तशीच, भिंतीला टेकून, वाट बघत राहिले आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. फळीवर नवं काही ठेवाल तेव्हा हात पार भिंतीपर्यंत न्या. समोर शून्य दिसत असलं तरीही. आत एकदा बघा.