बाबांचा आवाज तपासताना

ऑफिसात तिला सगळे शंकासुर म्हणायचे आणि तिला त्याचा राग येत नसे. कामच तसं होतं. बाकीचे प्रोग्राम लिहायचे आणि ही ते मोडून बघायची. नाव लिहायच्या जागी आकडे टाकायची, एकच बटण पुन्हापुन्हा दाबायची, मधेच इंटरनेट बंद करायची. काही बिघडलं की तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे की प्रोग्राम लिहिणारा आज उशीर होईल म्हणून घरी फोन लावायचा. पण तिने एकदा "पास" म्हटलं की मॅनेजरबाई डोळे मिटून सही करायच्या.

तिचे बाबा न्हावी होते. त्यांच्या दुकानात माणसं केस वाढले म्हणून येत, तशी केस वाढले नसतानाही येत. कात्री चाले त्याच्या दुप्पट बाबांची जीभ चालायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं फिसकटलं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळी खबर त्या आरशासमोर. घरी आल्यावर तेच सगळं आईला तिखटमीठ लावून पुन्हा. आई म्हणायची, "अहो, जरा श्वास तरी घ्या!"

मग एका सकाळी दाढीचा साबण फेसता फेसता ते दुकानातच कोसळले. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, समजत होतं, तोंडातून शब्द मात्र फुटत नव्हता. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

योगायोग असा की त्याच सुमारास तिच्या कंपनीकडे एक काम आलं. वाचा गेलेल्या माणसांसाठी टॅबलेटवर चालणारं अ‍ॅप. पडद्यावर चित्रं आणि शब्द. बोट ठेवलं की अ‍ॅप तो शब्द बोलून दाखवणार. ती मॅनेजरबाईंकडे गेली आणि म्हणाली, "हे मला द्या." जन्मात तिने कुठलं काम मागून घेतलं नव्हतं.

तिने जीव ओतून ते तपासलं. प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज. मग पास दिला आणि त्याच संध्याकाळी एक टॅबलेट घरी आणून बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने "पाणी" दाबलं. टॅबलेटमधला गुळगुळीत पुरुषी आवाज म्हणाला, "मला पाणी हवं आहे." आईने पदराने डोळे पुसले आणि पाणी आणायला धावली.

आठवडा झाला नाही तोच टॅबलेट पलंगाखाली गेला. तिने तो काढून उशाशी ठेवला, तर दुसऱ्या दिवशी परत पलंगाखाली.

"बाबा, हे काय?" ती म्हणाली. "किती खपले मी ह्याच्यासाठी! वापरून तर बघा."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"नसेल हवं तर राहू दे गं," आई हळूच म्हणाली. "त्यांच्या मागे लागू नकोस."

"हट्टीपणा आहे नुसता," ती म्हणाली, आणि मग दिवसभर तिला स्वतःचाच राग येत राहिला.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. दार अर्धवट उघडं होतं. पलीकडच्या खोलीत बाबांना वाटलं, आपण एकटेच आहोत. त्यांनी वाकून टॅबलेट वर ओढला. ती उठणार होती, पण का कोण जाणे, बसून राहिली. आजवर तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं ते स्वतः शिकवताना, मदत करताना. नुसतं पाहिलं नव्हतं.

टॅबलेट मांडीवरून घसरू नये म्हणून बाबांनी लुळा उजवा हात उचलून त्याच्या कडेवर ठेवला. तळव्याची कड पडद्याला टेकली. डावा अंगठा अजून हवेतच होता, नेमकी जागा शोधत होता. तेवढ्यात तो गुळगुळीत आवाज खणखणीतपणे म्हणाला, "मला शौचाला जायचं आहे."

बाबांनी हात हलवला. "मला शौचाला जायचं आहे." त्यांनी घाईने टॅबलेट उचलायचा प्रयत्न केला. "मला शौचाला जायचं आहे. मला शौचाला जायचं आहे." बाबांनी टॅबलेट उशीखाली दाबला. उशीखालूनही तो तेच सांगत होता.

तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. मागे आई येऊन उभी होती.

"असंच झालं होतं," आई कुजबुजली. "त्यांचा तो जुना दोस्त आला होता ना, टेलर, भेटायला. ह्यांना म्हणायचं होतं, 'बस, चहा घे.' आणि हे यंत्र सुरू झालं. थांबेचना. तो बिचारा गडबडीने ह्यांना उठवायलाच लागला. तो गेल्यावर हे रडले गं. मला खुणेने बजावलं, तुला सांगायचं नाही म्हणून."

"का?"

"तुझं काम ना ते. तुला वाईट वाटेल."

सोमवारी तिने मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर उभं राहून घरचा सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं, "माझा पास मी मागे घेतेय."

प्रोग्राम लिहिणारा शेजारीच बसला होता. कुठलंही काम दिलं की "पटापट होईल" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव पटापट. तो हुशार होता आणि कामालाही वाघ होता, पण आज त्याचा चेहरा उतरला. पुढच्याच आठवड्यात अ‍ॅप लोकांच्या हातात जायचं होतं.

"पण चूक कुठाय ह्यात?" तो म्हणाला. "पडद्याला हात लागला, अ‍ॅप बोललं. तेच तर करायचंय त्याने. हात कुठे ठेवायचा ते सांग ना त्यांना."

"लुळा हात आहे तो. सांगून ऐकत नाही."

"अगं, पण आपण एकट्या तुझ्या वडिलांसाठी नाही बनवत आहोत."

ते खरंच होतं. ती म्हणाली, "मग चल. बाकीच्यांनाही बघू. मी हे दोन धडधाकट हातांनी तपासलं, टेबलाशी ताठ बसून. चूक माझी आहे. पण आता एकटीने बघून मला पुरायचं नाही."

मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "जा. तारखेचं मी बघते."

बाबांना बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत दोघं कोपऱ्यात स्टुलांवर जाऊन बसले. समोर एक शाळामास्तरीण होत्या. चांदीसारखे केस, ठसठशीत कुंकू, आणि बोलायला गेलं की नुसता घशातला घरघराट. त्यांनी टॅबलेट घेतला. "माझी" शोधलं. बऱ्याच वेळाने "मुलगी" सापडलं. "फोन" शोधता शोधता पडदा काळा झाला आणि जुळवलेलं सगळं पुसलं गेलं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा पडदा काळा.

पटापट न राहवून पुढे झुकला, पण डॉक्टरबाईंनी त्याचं मनगट धरलं. "थांबा. तुम्ही घरी गेलात की त्यांना हे एकटीनेच करायचंय."

तो मागे बसला. मास्तरीणबाईंनी तिसऱ्यांदा "माझी" दाबलं. त्याने खाली मान घातली आणि ती वर केलीच नाही.

परतताना रस्त्यात तो एकदम म्हणाला, "पडदा काळा होणं मीच घातलंय. बॅटरी वाचावी म्हणून. फार शहाणपणा केला असं वाटलं होतं मला."

"मी तपासलं होतं तेही," ती म्हणाली. "बरोब्बर वेळेला काळा होतो. पास."

दोघंही हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मग कामाला लागले. तळवा टेकला तर अ‍ॅपने दुर्लक्ष करायचं. शब्द आधी पडद्यावर जुळायचे आणि "बोल" दाबल्यावरच आवाज यायचा. लाल रंगाचं मोठं "गप्प" बटण. वाक्य पुरं होईपर्यंत पडदा जागा. ती उजव्या हाताला ओढणी गुंडाळून, आरामखुर्चीत रेलून, डाव्या अंगठ्याने तपासायची. पटापटने विचारलं, "मीही करून बघू?" आणि स्वतःचाच प्रोग्राम त्याला धड वापरता येईना तेव्हा त्याने आपल्याच नावाने एक कचकचीत शिवी हासडली.

घरी बाबांना राजी करणं सोपं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी चूक तुमची नव्हती. माझी होती. टेलरकाकांसमोर झालं ते मला कळलंय."

बाबांनी आईकडे जळजळीत नजर टाकली.

"सांगितलं मी," आई म्हणाली. "काय करायचं ते करा."

बाबांच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी डावा हात पुढे केला. दे बघू.

नव्या अ‍ॅपमध्ये घरच्यांना आपली वाक्यं भरता येत होती. ती लिहू लागली, "कृपया खिडकी उघडा." बाबांनी जोरात मान हलवली. नाही.

"कृपया?" आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून एकदाही कृपया म्हटलेलं नाही ह्यांनी. 'अगं ए, खिडकी!' असं लिही."

बाबांची मान खालीवर, खालीवर.

मग आईला ऊतच आला. ह्यांना टेलरला काय म्हणायचं असतं, बातम्या बघताना काय म्हणतात, भाजीत मीठ कमी पडलं तर कसं टोमणा मारतात, ती एकेक सांगत गेली. काही वाक्यं लिहिण्यासारखी नव्हती, तीही लिहिली. बाबा हसत होते, घशातून खरखरत, खांदे गदागदा हलवत. झटका आल्यापासून ते हसू तिने ऐकलं नव्हतं.

"आणि हिला काय म्हणता?" आईने विचारलं. "चोमडे! ते राहिलंच की." लहानपणापासून ती प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची, म्हणून बाबांनी तिला ते नाव ठेवलं होतं. बाहेरच्या कोणासमोर म्हणाले की ती चिडायची.

तिने ते लिहिलं. बाबांनी तळवा बिनधास्त कडेवर टेकवला, सावकाश अंगठा आणला, शब्द निवडला आणि "बोल" दाबलं.

यंत्र म्हणालं, "च्योमडे."

बाबांच्या कपाळावर आठी पडली. पुन्हा दाबलं. "च्योमडे." चमच्यातला च यंत्राला ठाऊकच नव्हता, त्याच्या लेखी सगळे च चिमणीतले. बाबांनी मुलीकडे असं पाहिलं, जसं ते दुसऱ्या न्हाव्याने कापलेल्या डोक्याकडे पाहत. मग "गप्प" दाबलं, तोंड वाकडं केलं, गालाचे स्नायू ताणले, आणि त्या यंत्राला शिकवावं तसे त्याच्यावर खेकसले, "चो..!"

आई आणि ती एकमेकींकडे बघायला लागल्या.

"चो," बाबा पुन्हा म्हणाले. आवाज फाटका होता, पण च अगदी नेमका.

आईने त्यांचा डावा हात पकडला. "अहो," ती म्हणाली, "अहो, परत म्हणा."

बाबांनी परत म्हटलं. पुढचं काही येईना. घाम आला, तरी ते थांबायला तयार नव्हते, आणि मुलगी मात्र एकीकडे रडत, एकीकडे हसत म्हणत होती, "पुरे बाबा, दमाल."

दुसऱ्या दिवशी तिने पटापटला सांगितलं की च चुकतोय. चष्मा, चमचा, चोर, सगळेच चुकत होते. त्याने डोकं खाजवलं. ह्या खेपेला पटापट होईल असं म्हणाला नाही, आणि नीट करून दिलं. उशिरा का होईना, अ‍ॅप लोकांच्या हातात गेलं. मास्तरीणबाई आता मुलीला फोन लावून आधी तिची खरडपट्टी काढतात, मग ख्यालीखुशाली विचारतात, असं डॉक्टरबाईंनी कळवलं.

बाबा टॅबलेटवर सगळं बोलतात. टेलरची टिंगल करतात, आईशी भांडतात. चोमडेच्या बटणावर मात्र त्यांनी पुन्हा बोट ठेवलं नाही. तेवढं ते स्वतःच म्हणतात. अर्धं येतं, उरलेलं आई स्वयंपाकघरातून ओरडून पुरं करते.