एका चुलीला एक वाटा

तुंगार्लीच्या तळ्यावरून तासभर चढलं की जी वाडी लागते, तिथं माणसं मोजत नाहीत, चुली मोजतात. पावसाच्या आधी वाघजाईला मेंढरू पडतं आणि त्याचे वाटे होतात ते एका चुलीला एक असे. घरात खाणारी तोंडं दोन असोत की बारा. मात्र प्रत्येक वाट्यात सगळं आलं पाहिजे: मांडीचा तुकडा, चाप, मानेचं हाड, नळी, बोटभर काळीज, वजडीची पट्टी. देवीपुढं सगळी लेकरं सारखी, असं सगळेच म्हणतात. पण मांडीच्या बाबतीत ते पाळावंच लागतं, नाहीतर कोयते निघतात.

पळसाच्या पानांवर वाटे मांडायचे ते बुधानं, आणि कुठला कुणाचा हे पुकारायचं येसूनं, वाट्यांकडं पाठ करून. एखाद्याच्या पानात हाडंच जास्त गेली तर दोष येसूच्या पाठीचा. हे काम त्याच्याकडं आलं, कारण पाठ फिरवून गप बसण्याचा त्याला दांडगा सराव होता. चिमाबाईशी लग्न होऊन त्याला तीसएक वर्षं झाली होती.

कोयनेच्या भूकंपात वाडीतलं एकही घर दुभंगलं नव्हतं. येसूचं दुभंगलं ते त्यानंतरच्या होळीला, आणि त्यात धरणीचा काही हात नव्हता. एकुलता लेक शिदू खाली एका बंगल्यावर माळी होता. त्याची बायको बाया आणि चिमाबाई यांचं बिनसलं. कशावरून, ते विचारलं तर तिघं तीन कारणं सांगत, आणि तिन्ही खरी असत. शेवटी घरात मधोमध कारवीचा कूड उभा राहिला आणि पलीकडं बायानं दुसरी चूल मांडली. येसूनं वाडीला सांगितलं, कूड शेळीसाठी घातलाय. वाडीनं मोठ्या आपुलकीनं शेळीची विचारपूस केली. येसूकडं शेळी नव्हती.

त्याचं म्हणणं एवढंच की पोरगं रागावलंय, येईल परत. जोवर वाटा एक, तोवर घर एक. पुकारून नाव घेतलं की मग मात्र चूल पक्की. ती मोडायला देवीही येत नाही.

वाघजाईच्या दिवशी बुधानं सुरी पुसत विचारलं, "येसूभाऊ, वाटं किती मांडू? गेल्या साली चौदा व्हते."

"चौदाच."

"सकाळी धूर तर पंधरा दिसत्यात."

"तुजं डोळं गेल्यात, बुधा."

"व्हय, गेल्यात खरं. येकाच्या जागी दोन घरं दिसाय लागल्यात."

माणसं हसली. बुधानं पंधरा पानं मांडली. येसू पाठ करून समोरच्या डोंगराकडं तोंड करून बसला.

"ह्यो कुणाचा?"

"भिकाजी."

"ह्यो?"

"गेणू."

नावं संपत आली. येसूनं स्वतःचं घेतलं. मागं एक पान उरलं.

"आन ह्यो कुणाचा?"

येसू डोंगर बघत राहिला.

"आरं बोल की, सागुतीवर माशा बसत्यात."

"येसू," येसू म्हणाला.

"तुजा झाला की! दोन दोन वाटं कशाला? दुसरी केलीस का काय? चिमावैनीला इचारलंस का?"

मोठा हशा झाला. शिदू तेवढा हसला नाही. मागून त्याचा आवाज आला, हळूच, लहानपणी ताप आल्यावर पाणी मागायचा तसा.

"आबा, म्हना की."

येसूनं डोंगराला सांगितलं, "शिदू येसू."

पान उचलल्याचा आवाज झाला, पावलं लांब गेली, तेव्हा कुठं तो वळला.

घरी चिमाबाईनं पान उलगडलं. दरसाली मानेचं हाड तिचं, नळी येसूची, चाप शिदूची. घरातून कोण गेलं हे वाट्याला काय ठाऊक. चाप आलीच होती. तिनं ती जरा वेळ हातात धरली आणि मग तोंड फिरवून टोपात सोडली.

कुडापलीकडं वरवंटा थांबला, आणि सगळं पान एकदम टोपात पडल्याचा आवाज आला.

"सगळंच येकदम वतलं!" चिमाबाई कुजबुजली. "मान शिजंस्तवर काळजाचं चामडं हुनार."

"हू दे." होळीपासून पहिल्यांदा येसूच्या तोंडावर हसू आलं. "त्याला मऊ काळीज लागतं. येक घास चावंल, आन ताट घिऊन गुमान हितं यील. तू निस्ती गप ऱ्हा."

चिमाबाई गप राहिली. टोपाखालचं लाकूड पुढं सारलं, उगाच मागं ओढलं. मग कुडाकडं तोंड करून खच्चून ओरडली, "आवं, ऐकलं का! आदी मान आन मांडी घालायची! चाप निम्म्यावर!"

"मला कशाला सांगतीस? मी काय चुलीम्होरं बसलोय?"

"तुमालाच सांगती! काळीज टोप उतरायच्या वक्ताला! घातलं आसंल तर येचून काडावं मानसानं!"

"चिमे, गप ग!"

"आन वजडी निवळ पान्यानं धुतली तर वास ऱ्हातो! चुना लावावा!"

बायाशी बोलायचं नाही अशी तिनं देवीची आण घेतली होती, आणि ती मोडलेली नव्हती. ती नवऱ्याशीच बोलत होती. तीस वर्षांत एवढं ती त्याच्याशी कधी बोलली नसेल.

 पलीकडं झाकण वाजलं. पळी टोपात फिरली, आणि एकेक तुकडा ताटलीत पडू लागला.

अंधार पडता पडता कुडातून वास आला. दोन्ही चुलींचा वास एकच होता. आपला कुठला आणि तिकडचा कुठला, हे येसूला नाक वर करूनही कळेना. पलीकडं भाकरी मोडली.  मग शिदूचा आवाज आला, "लय झ्याक झालंय गं, बाया."

 बायानं कुणाचं नाव घेतलं नाही.

"झालं समादान?" येसू म्हणाला.

चिमाबाईच्या हातात पळी तशीच होती. "माजं लेकरू चामडं चावत बसू दिऊ व्हय मी?"

"चावलं आसतं तर आलं आसतं."

 तिनं त्याचं ताट वाढून पुढं सरकवलं आणि टोपात बघत बसली. टोप दोघांना फार होता.

येसूनं घास घेतला. सागुती मऊ होती, दात लावायचीही गरज नव्हती. तरी तो ती चावत राहिला.