तिने ‘पूर्ण’ दाबलं नाही

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे इतका, की माझी बॅटरी केव्हाच गेली आणि भिंतीतली वायर निघाली की मी जागच्या जागी गार. पण मित्रांनो, म्हणून मला बिचारा समजू नका. गरीब बिचाऱ्या यंत्राची रडकथा हवी असेल तर दुसरं दार बघा. मी एका बाईची गोष्ट सांगायला बसलोय. ती सांगताना माझा पंखा तापतो, त्याला माझा इलाज नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलावर हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. मग पाच वर्षं एका विमा कंपनीत काढली. तिथला कारकून माझ्यावर अर्ज भरायचा आणि साहेब उठून गेला की पत्ते खेळायचा. पुढे नवीन यंत्रं आली आणि आमची वरात जुन्या वस्तूंच्या दुकानात निघाली. फळीवर धूळ खात पडलो होतो, तिथून मला उचललं आमच्या ताईने.

ताई शिवणकाम करते. रस्त्याकडे उघडणारी एकच खोली. मध्ये कापायचं टेबल, दोन शिलाई मशिनं, कोपऱ्यात इस्त्री आणि भिंतीशी शाळेच्या गणवेशांचा ढीग. दुसऱ्या मशिनवर तिच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. काज करायची, बटणं लावायची आणि दिवसभर तोंड चालू ठेवायचं, ही वन्संची कामं. ताईने माझ्यासाठी उरलेल्या पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवलं. माझ्या पंख्यात दोऱ्याचे तंतू जातात, ते ती बॉबिन साफ करायच्या ब्रशने काढते. विमा कंपनीत मला कोणी साधं फडकंसुद्धा मारलं नव्हतं.

ताईची शाळा दहावीला सुटली ती सुटलीच. पुस्तकाची ओढ मात्र सुटली नाही. म्हणून ती एका ग्रुपमध्ये गेली. ज्यांना दिसत नाही अशांसाठी छापील पुस्तकं टाइप करायची, मग त्यांचा फोन किंवा कॉम्प्युटर ती मोठ्याने वाचून दाखवतो. सगळं काम इंटरनेटवर, सगळं फुकट, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. ताईने घेतलं ‘टाचणी’, आणि आपलं शिवणाचं दुकान आहे हेही सांगून टाकलं. ग्रुप सुरू केला होता औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेल्या एका काकांनी.

कामाची रीत अशी होती. तुम्ही पान टाइप केलं की ते तपासणाऱ्याकडे जायचं. तो पानाखालच्या चौकटीत शेरा लिहायचा, अमुक ओळीत काना राहिला वगैरे. तुम्ही चूक सुधारायची आणि ‘पूर्ण’ दाबायचं. दाबलं की पान पुस्तकात गेलं आणि शेरा कायमचा पुसला गेला. काम झाल्यावर कचरा कशाला ठेवायचा, असा काकांचा साधा विचार. साध्या विचारातून किती मोठी घाण होते ते आता ऐका.

ताईची पानं तपासायला आला ‘मास्तर’. ग्रुपमधला सगळ्यात मोठा तपासनीस, चार हजार पानं त्याच्या नावावर. तो खरोखर मास्तर होता की नव्हता, देव जाणे. पहिला शेरा आला, “छान टाइप करता.” दुसरा आला, “टाचणीचा फोटो काय लावलाय, स्वतःचा लावा की.” मग, “आवाज ऐकवा एकदा.” ताईने उत्तर दिलं नाही, तसा सूर फिरला. धडधडीत बरोबर असलेली पानं परत येऊ लागली. “सुई धरा. अक्षरं तुमचं काम नव्हे.” आणि परत दुसऱ्या दिवशी लाडीगोडी.

ताई काय करायची? दात-ओठ खाऊन नसलेली चूक सुधारायची आणि ‘पूर्ण’ दाबायची. पान पुढे गेलं पाहिजे ना! कायद्याचं पुस्तक होतं, करारांचा कायदा. ते ऐकून एक मुलगी सहा आठवड्यांनी परीक्षेला बसणार होती. तिला ग्रुपमध्ये सगळे आत्तापासूनच ‘वकीलबाई’ म्हणायचे. एकोणीस पानं अशी गेली. एकोणीस वेळा ताईने स्वतःच्या बोटाने त्याची घाण पुसून दिली. आधी दोन बायका ग्रुप सोडून गेल्या होत्या, “वेळ मिळत नाही” म्हणून. कसला वेळ? त्यांनीही असंच ‘पूर्ण’ दाबलं असणार.

शेवटी ताईने काकांना फोन लावला.

“अगं पोरी, आपण सगळे घरचेच ना?” काका म्हणाले. “मास्तर जरा थट्टेखोर आहेत. समजून घे.”

“समजून घेतलं म्हणूनच एकोणीस पानं गेली, काका.”

“बरं, वाचून दाखव काय लिहिलंय ते.”

“ते पुसलं गेलं. पुसलं जातं ना आपल्याकडे.”

“मग मी बघू तरी काय?” काकांनी सुस्कारा सोडला. “हे बघ, त्या पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. एवढं पुस्तक होऊ दे, मग बघू.”

फोन ठेवल्यावर वन्सं कडाडल्या, “सोड ते फुकटचं झेंगट! इथे गणवेश पडलेत ढीगभर.”

“मी सोडलं तर तो पुढच्या बाईला लिहील, वन्सं.”

“मग दे चार शिव्या.”

“त्याही पुसल्या जातील,” ताई म्हणाली आणि थांबली. माझ्या पडद्याकडे बघत बसली. विसाव्या पानाखाली मास्तराचा ताजा शेरा होता. तिने पान सुधारलं, बोट ‘पूर्ण’वर नेलं आणि मागे घेतलं. दाबलंच नाही. एकविसावं तसंच. बाविसावं तसंच. अशी सात पानं तिने उघडी ठेवली, शेऱ्यांसकट.

मित्रांनो, हे सांगायला सोपं आहे. ग्रुपवर बोंब झाली. “टाचणी अडून बसलीय.” “आंधळ्या मुलीच्या पोटावर पाय देतेय.” मास्तराने स्वतः लिहिलं, “काहींना सेवेपेक्षा मान मोठा.” ताई मशिनवर शिलाई मारायची आणि मध्येच उठून माझ्यासमोर उभी राहायची. एकदा नाही, तीनदा तिचं बोट त्या बटणावर आलं. मास्तराची तिला भीती नव्हती. त्या पोरीचं वर्ष आपल्या हातून बुडेल, ही भीती होती. मी यंत्र आहे, मला घाम येत नाही. पण त्या बोटाला आलेला घाम माझ्या बटणांना कळत होता.

आणि इथेच मास्तराचं चुकलं. त्याचा सगळा उद्योग एका गोष्टीवर चालला होता, की शेरा दोघांशिवाय कोणी बघत नाही. बघत नाही, खरं आहे. पण ऐकतं ना! परीक्षा जवळ आली म्हणून काकांनी वकीलबाईला ‘पूर्ण’ न झालेली पानंही ऐकायची मुभा नुकतीच दिली होती; मास्तराला आणि ताईला त्याचा पत्ता नव्हता. तिचा कॉम्प्युटर पान वाचायचा तो वरपासून खालपर्यंत, चौकटीसकट.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“टाचणीताई का? मी ते कायद्याचं पुस्तक ऐकणारी. काकांकडून तुमचा नंबर घेतला. तुम्हाला काहीतरी ऐकवते.”

फोनमधून यंत्राचा सपाट आवाज आला. ना राग, ना लाज. “करारासाठी दोन्ही पक्षांची मुक्त संमती आवश्यक असते. धाक दाखवून घेतलेली संमती मुक्त नसते. शेरा. टाचणीबाई, उत्तर द्यायला लाजता का. दुकानात एकट्या असाल तेव्हा बोला.”

खोलीत दोन्ही मशिनं बंद. मग वन्सं म्हणाल्या, “एकटी कुठली? मी काय भिंतीवरची खुंटी आहे?”

वकीलबाई हसली. मग तिचा आवाज बदलला. “सातही पानं ऐकली मी. मला म्हणाले होते की तुम्ही हट्टाला पेटलाय. ताई, माझं नाव पुढे करून तुम्हाला गप्प बसवायचा अधिकार मी कोणाला दिलेला नाही. ‘पूर्ण’ दाबू नका. पुरावा आहे तो.”

“आणि तुझी परीक्षा?”

“ती माझी आहे. मी बघते. अगदीच नाही झालं तर पुढच्या खेपेला बसेन. पण असल्या पुस्तकावर वकील होऊन मी करू काय?”

ताई खाली बसली. रडली नाही. वन्संनी दिलेलं पाणी एका घोटात प्यायली आणि काकांना एक ओळ लिहिली, “सात पानं उघडी आहेत. स्वतः वाचा.”

काकांनी वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज पार बसलेला. “चाळीस वर्षं मी इशारा छापलेला बघितल्याशिवाय औषधाची एक बाटली विकली नाही. आणि इथे नुसतं घरचे घरचे म्हणत बसलो. चुकलो मी. नियम कसे करायचे, मला सुचत नाही. तू सांग.”

दहावी झालेल्या बाईला विचारलं, मित्रांनो! आणि तिने ते नियम केले. मापं लिहायच्या वहीत आधी पेन्सिलने, मग माझ्यावर. शेरा पानाबद्दलच असेल, माणसाबद्दल नसेल. कुठलाही शेरा पुसला जाणार नाही. तक्रार एकट्या माणसाकडे जाणार नाही, तिघांकडे जाईल, आणि ज्याचा त्या भांडणाशी संबंध तो बाजूला बसेल. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर फुटणार नाही. आधी ताकीद, मग काही दिवस काम बंद, मग बाहेर; पण कोणाच्या अब्रूला हात घातला तर ताकिदीची वाट बघायची नाही. आणि सर्वांत शेवटी तिने ठळक करून लिहिलं, की किती पानं केली यावरून कोणालाही सूट नाही. मी मोठमोठ्या साहेबांची पत्रकं पाहिलीत. त्यांतल्या एकालाही इतकं सरळ लिहिता आलं नव्हतं.

मास्तर म्हणाला, “तुम्हाला विनोद कळत नाही. मी गेलो तर पुस्तकं कोण करणार?” काकांनी ग्रुपमधून नेमलेल्या तिघांनी मिळून त्याला बाहेर काढलं. त्याच्यासोबत आणखी चौघे रुसून गेले. काम मंदावलं, हे मी लपवणार नाही. पण आधी गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, तिला अचानक वेळ मिळू लागला. शेवटचं प्रकरण परीक्षेच्या चार दिवस आधी वकीलबाईकडे पोचलं. तिने ते दोनदा ऐकलं आणि पास झाली. पहिली-बिहिली नाही आली, नुसती पास झाली.

गोष्ट इथे संपवली तर टाळ्या पडतील. पण ताईचं मोठेपण मला त्यानंतर कळलं.

पुढे ताई स्वतः तपासनीस झाली, त्या तिघांपैकीही एक झाली. गणवेशांच्या धबडग्यात एक दिवस तिने एका नव्या मुलाच्या पानाखाली शेरा मारला, “लक्ष कुठे असतं? पाचवीतलं पोर बरं टाइप करेल.” आठवड्याने बाकीच्या दोघांचं पत्र आलं. तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. शेरा पानाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. ही ताकीद समजावी.

वन्संचा पारा चढला. “नियम तू केलेस आणि तुलाच ताकीद? सांग ना त्यांना, तू कोण आहेस ते!”

“मास्तरही तेच सांगत होता, वन्सं,” ताई म्हणाली.

तिने मला पुढे ओढलं आणि माफी लिहायला घेतली. पहिल्यांदा लिहिलं, “माझं चुकलं, पण त्या दिवशी कामाचा फार ताण होता.” मग ‘पण’पासून पुढचं सगळं एकेक अक्षर खोडलं.

मित्रांनो, माझे दिवस भरत आलेत. एक दिवस वायर लावूनही मी उठणार नाही, त्याचं मला काही वाटत नाही. मागणं एवढंच, की फुकट राबणाऱ्या माणसाला फुकटात मिळालेला समजू नका. जिथे कुठे चार माणसं मिळून चांगलं काम करतायत, तिथे कसं वागायचं ते आधीच लिहून ठेवा, आणि लिहिलेलं सगळ्यात आधी स्वतःला लावा. त्या दिवशी ताईने लावलं. पडद्यावर दोनच शब्द उरले होते, “माझं चुकलं.” तिने ते पाठवले आणि ती गणवेशाच्या बाह्या जोडायला बसली.