मी हलले नव्हते

मी एक जुनी, दगडी आणि सध्या फार घाबरलेली कमान आहे. इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये, लोक बसतात तो भाग आणि पुढची वेदी यांच्या मध्ये मी उभी असते.

मित्रांनो, माझं वय नऊशे वर्षं! गवंड्यांनी लाकडी साच्यावर माझे दगड अर्धगोलात रचले आणि मग साचा खालून काढूनच घेतला. पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा. पण टिकले. पुढे टोकदार खिडक्या आल्या, मनोरा आला. माझ्यावर निळे-तांबडे देवदूत रंगवले, लोकांनी माना वर करकरून कौतुक केलं. मग राजाने धर्माची रीत बदलली आणि देवदूतांवर चुना फासला गेला. तेही सोसलं.

पण हल्लीचे उन्हाळे इतके कोरडे, की पायाखालची चिकणमाती आकसली आणि मला तडा गेला. आर्किटेक्ट कल्याणीताईंनी तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. मी केसभर हलले तरी ती फुटणार, आणि फुटली की चर्च बंद. चाळीस घरांच्या गावात बंद झालेलं चर्च पुन्हा कोण उघडणार? तेव्हापासून ऑर्गन वाजला तरी मला धडकी भरते.

परवा ताईंची लेक उर्वी शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोटो काढायला आली. ताई मनोऱ्यात गेल्या होत्या. उर्वीने ट्रायपॉड उचलून गिरकी घेतली आणि कट्. पट्टीचे दोन तुकडे.

ताई परतल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. देखभाल करणाऱ्या मार्गरेट आजींना म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता कुलूप लावा. आजी किल्ल्या चाचपू लागल्या. उर्वी बुटांकडे बघत गप्प. मी हलले नाही हो, असं मला ओरडायचं होतं. पण आवाज कुठून आणू?

आजी दारापर्यंत पोचल्या.

"आई, थांब. ती मी फोडली. माझा ट्रायपॉड लागला."

"खरं सांगतेयस? माझ्या सहीवर लोक इथे येऊन बसणार आहेत."

"खरंच. कमान हललीच नाही."

ताईंनी तरीही तडा मोजला. पूर्वीइतकाच. आजी म्हणाल्या, नऊशे वर्षांच्या बाईवर आळ घेतलात, माफी मागा. उर्वीने खरंच माझ्यावर तळहात टेकला.

नवी पट्टी लागली आहे. भीती काही गेलेली नाही. म्हणून मित्रांनो, जुन्या वास्तूत आलात तर बॅगा सांभाळा. आणि चुकून काही फुटलंच, तर लगेच सांगून टाका. तुम्ही गप्प राहिलात, तर माझ्या बाजूने बोलायला तिथे दुसरं कुणीच नसतं.