खारीचा कान

“उतर खाली, खारुटले! वर काय तुझ्या मामानं बिऱ्हाड थाटून दिलंय?”

आईची ही हाक विरून जमाना झाला. पण झाडाखाली उभं राहिलं, की अजूनही ती पानापानांतून ओघळत कानात येते. तेव्हा हाक खालून वर जायची. पोर शेंड्याजवळच्या बेचक्यात बसलेली, पाय हवेत सोडलेले. आणि खाली आईचा सरळ रेघेसारखा भांग, त्याच्या दोन्हीकडे फडफडणारे दोन हात. वरून आई रागावलेल्या फुलपाखरासारखी दिसायची. पोर खदाखदा हसायची आणि आणखी एक फांदी वर सरकायची.

‘खार’ हे नाव तेव्हा पडलं ते पडलंच. पुढे ती झाडखात्यात लागली, छाटणी करणाऱ्या बायकांची तुकडी निघाली, त्या तुकडीची ती मुकादम झाली, केसांत रुपेरी रेघा आल्या, तरी दुसऱ्या नावानं तिला कुणी ओळखत नव्हतं. तारांत शिरलेली, छपरावर रेललेली, वाळून लोंबणारी कुठलीही फांदी असो, खारताईला बोलवा.

आणि या खारताईला स्टुलावर चढून बल्ब बदलायचीसुद्धा भीती वाटत होती.

घरातला बल्ब गेला की ती अंधाराचे गोडवे गायला लागायची. डोळ्यांना किती बरं वाटतं म्हणायची. मग कधीतरी भाची यायची, ‘काय मावशी, भुतासारखी बसलीस!’ म्हणत बल्ब लावायची. भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. मावशीसारखं व्हायचं म्हणून चांगली दुकानातली नोकरी सोडून तुकडीत आली होती. ‘मावशीसारखं’ हा शब्द ऐकला की खारीला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटायचं. लपवायला जागा एकच होती, तीही तिनंच शोधलेली. झाडाचं खोड.

झालं होतं एवढंच, की एकदा वर असताना पाय निसटला. ती पडली नाही. कमरेच्या पट्ट्यानं धरलं. वाळत घातलेल्या पायजम्यासारखी फांदीखाली लोंबत राहिली, जरा गरगरली, मग खाली आली, चहा प्याली, आणि “काही नाही गं, झोका मिळाला फुकटचा” असं हसून म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी नव्या झाडासमोर उभी राहिली आणि गुडघ्यांचं पाणी झालं. कुणाला चेहरा दिसू नये म्हणून तिनं खोडाला मिठी मारली आणि गाल टेकवला.

दोर धरणारी आक्का मागून म्हणाली, “काय म्हणतंय गं झाड?”

आक्का तुकडीतली सगळ्यांत वयानं मोठी. हात दोरावर आणि जीभ जगावर. तिनं थट्टा केली होती. थट्टेला थट्टेनं उत्तर द्यावं आणि मोकळं व्हावं, तर हिच्या तोंडून निघून गेलं, “आज नको म्हणतंय.”

आणि त्या मेल्या झाडाची तीच फांदी आठवडा व्हायच्या आत आपणहून कोसळली.

संपलंच मग. खारताईशी झाडं बोलतात, ही बातमी खात्यातून गल्लीत आणि गल्लीतून घराघरात गेली. साहेब येऊन बघून गेले. फोटो निघाले. एका बाईनं तर तिला अंगणातल्या झाडापाशी नेलं आणि हळूच विचारलं, “आमच्या ह्यांच्याबद्दल काही म्हणतं का ते?” खार म्हणाली, “झाडं चहाड्या करत नाहीत.” ती बाई तर पायाच पडायला निघाली होती.

खारीनं खरं सांगितलं नाही. कान लावून उभं राहायचं, डोळे मिटायचे, गुडघे थांबेपर्यंत थांबायचं. मग ‘चढ’ म्हणायचं किंवा ‘नको’. चढायचं दुसरीनं. कान उजवाच लावायचा, असंही तिनं शिकवलं होतं. कारण विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, “उजवा कान जुना असतो.” खरं तर डाव्या कानातलं टोचायचं, इतकंच. आणखी एक नियम होता: ज्या बाईचा कान झाडाला लागलाय तिचंच ऐकायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. हा नियम फार सोयीचा होता. ‘वा गं खारे,’ ती मनात म्हणायची, ‘खोडाला चिकटलेला डिंकसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त कामाचा आहे.’

एक गोष्ट मात्र तिला हसण्यावारी नेता येत नव्हती. पूर्वी दोर फांदीवरून टाकला, की दोघी-तिघींनी त्याला लोंबकळून झोके घ्यायचे. फांदीनं तेवढं पेललं तरच एकीनं वर जायचं. कान आल्यापासून झोके मागे पडले. झाडानं हो म्हटल्यावर लोंबकळून त्याचा अपमान कशाला करायचा, असं भाचीचं म्हणणं. खारीला बोलता आलं असतं. पण एक बोलायला जावं, तर सगळंच बोलावं लागलं असतं.

त्या दिवशी काम वाचनालयात होतं. मागच्या आवारात जुना शिरीष, आणि त्याची एक जाडजूड फांदी वाचनकक्षाच्या काचेच्या छपरावर हात ठेवल्यासारखी पसरलेली. खाली लांबलचक टेबलं, त्यांवर पानांच्या सावल्या हलत होत्या. वाचणाऱ्यांना आज बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. ग्रंथपाल बाई मोबाइल हातात धरून दारातच उभ्या.

“मी तुमच्याविषयी वाचलंय,” त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका खाली आणला, की आजारी माणसाच्या खोलीत आल्यासारखं वाटावं. “मी बोलले तर त्याला चालेल का?”

“कुणाला?”

“झाडाला.”

“बोला की. त्याला सवय आहे,” आक्का दोराचं वेटोळं उलगडत म्हणाली. आक्काला काम सुरू करताना दोन ओळी जुळवायची खोड होती. आज तिनं जुळवलं:

“कान लावा खोडाला, डोकं ठेवा थाऱ्याला,
झाड सांगे गुज, बाई, सांगू नका वाऱ्याला.”

“किती सुंदर!” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “जुनं आहे का हे?”

“जुनं कसलं, आत्ताच उतरलंय. गरम आहे अजून.”

खारीनं खोडाला उजवा कान लावला. साल खरखरीत होती, उन्हानं कोमट झालेली, आणि तिला नेहमीसारखं बरं वाटलं. ऐकू आलं तेही नेहमीचंच. स्वतःच्या रक्ताची धडधड, आणि उपाशी पोटाची गुरगुर. डोळ्यांच्या फटीतून तिनं वर बघितलं. पानं टोकापर्यंत हिरवी होती. बेचक्यापाशी ऊन डोळ्यांवर येत होतं, नीट दिसत नव्हतं. दोर टाकून झोके घ्यायला हवेत, तिला वाटलं. पण मोबाइल तिच्या नाकासमोर आला होता. झाडाशी बोलणारी बाई आता दोराला माकडासारखी लोंबकळणार?

“काय म्हणतोय?” ग्रंथपाल बाई कुजबुजल्या.

“चढ म्हणतोय,” खार म्हणाली.

भाचीनं वाळूची छोटी थैली दोरीला बांधून पहिल्याच फेकीत फांदीवरून टाकली, मागोमाग जाड दोर ओढून घेतला, पट्टा अडकवला आणि सरसर वर गेली. तिचं चढणं बघताना खारीला दर वेळी दोन गोष्टी वाटायच्या: भीती, आणि हेवा. आक्का खालून दोर खेचून घेत होती. भाची फांदीवर पोचली, तिच्यावर घोड्यावर बसावं तशी बसली, आणि करवत काढून टोकाकडे सरकायला लागली.

तेवढ्यात खारीच्या बाहीवर काहीतरी पडलं. कुजक्या लाकडाची तपकिरी पूड. चिमूटभर, ओलसर.

तिनं वर बघितलं. आता ऊन सरकलं होतं. बेचक्यापाशी फांदीच्या कुशीला लांबीनं गेलेली एक काळी रेघ होती. भाची हातभर पुढे सरकली, तशी ती रेघ उघडली. भाची थांबली, तशी मिटली. इतकी वर्षं तिनं झाडांच्या तोंडी खोटं घातलं; आज एका झाडानं खरंच तोंड उघडलं होतं, आणि त्याला आवाज नव्हता.

“खाली ये!” खार ओरडली. “झाड नको म्हणतंय!”

“आत्ता तर चढ म्हणत होतं!”

“आता नको म्हणतंय! बेचक्यापाशी चीर आहे!”

भाचीनं मागे वळून बघितलं. वरून साल गुळगुळीत होती. “इथं काही नाही गं मावशी. सावली असेल.” मग तिनं ते केलं, जे खारीनंच तिला शिकवलं होतं. फांदीवर पालथी झाली, हेल्मेट मागे सारलं, उजवा कान लावला, डोळे मिटले.

ग्रंथपाल बाईंनी मोबाइल उंच धरला.

“मावशी!” भाचीचा आवाज आनंदानं फुटला. “ऐकू येतंय! मलापण ऐकू येतंय! धडधड, धडधड... ये म्हणतंय, पुढे ये!”

“मूर्खा, ते तुझंच काळीज आहे! उतर!”

“तुझाच नियम ना? ज्या बाईचा कान लागलाय तिचंच ऐकायचं. तू लांब आहेस. माझा लागलाय.”

“म्हणजे दोघींना तो वेगवेगळं सांगतोय?” ग्रंथपाल बाई भारावून म्हणाल्या. “हे तर अद्भुत आहे!”

खारीनं त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांचा मोबाइलचा हात आपोआप खाली आला. भाची हातभर आणखी पुढे सरकली. रेघ उघडली. यावेळी तिच्यात बोट गेलं असतं, आणि भाचीचा दोरही त्याच फांदीवर होता. खालच्या काचांवर पूड भुरभुरली.

“उतर खाली!” ती ओरडली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून चपापली. तो तिचा नव्हताच. आईचा होता. तोच फाटका सूर, तेच फडफडणारे हात. इतकी वर्षं ती समजत होती, आई रागावून ओरडायची.

वर भाची खदाखदा हसली. अगदी तस्सं.

आक्कानं दोर मनगटाला गुंडाळून पाय रोवले होते. नजर वर ठेवूनच ती हळू म्हणाली, “सांगून टाक आता, खारे. दोराला केव्हाचं ठाऊक आहे.”

“काय?”

“तू शेवटची वर होतीस ना, खाली दोर माझ्या हातात होता. तुझ्याबरोबर तोही थरथरत होता. मला वाटलं, सांगशील आज ना उद्या. तू तर थेट देवीच झालीस.”

मजा बघा, खारीला वाटलं, वर पोर मरणावर बसलीय आणि मला लाज कसली वाटतेय, तर मोबाइलची. खिडक्यांत वाचणाऱ्यांची तोंडं गोळा झाली होती. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

“अगं ए! झाड बोलत नाही! माझ्याशी कधीच बोललं नाही! एकदासुद्धा नाही!”

वरचं सरकणं थांबलं.

“खोटं!” भाची म्हणाली. “मला उतरवायला म्हणतेयस.”

“उजवा कान का, माहीत आहे? डावं कानातलं टोचतं म्हणून! ती पहिली फांदी पडली ती नशिबानं! घरात बल्ब तू का लावतेस? मी स्टुलावर चढू शकत नाही म्हणून! आता फांदीवर उठून बसू नकोस, पोटावर मागे सरक, खोडाला पट्टा लाव. आपल्या झाडखात्यातली साधी मुकादम सांगतेय तुला. झाड नाही, मी!”

मग भाची सरकली. मागे. हात, पोट, गुडघा. हात, पोट, गुडघा. रेघ मिटत गेली. तिनं खोडाला पट्टा अडकवल्याचा खटका खालीपर्यंत ऐकू आला, आणि तिचे पाय खोडावर आले तशी मागची फांदी तिचा भार गेल्यावरही कण्हल्यासारखी कुरकुरली. ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

आक्कानं एका हातात दोर धरूनच दुसऱ्या हातानं ग्रंथपाल बाईंना आवाराच्या दाराकडे ढकललं. “झाड आता खरंच बोलायला लागलंय, बाई. लांबून ऐका.”

भाची उतरली. हेल्मेट काढलं. गालावर सालीचा खरखरीत ठसा उठला होता. उजव्या गालावर. ती मावशीकडे बघत राहिली, आणि खारीला वाटलं, ओरड गं बाई, शिव्या दे, काहीतरी कर. त्या नजरेपेक्षा फांदी अंगावर पडली असती तर बरं.

“मग तू तासन् तास कान लावून करायचीस तरी काय?” भाचीनं विचारलं.

खार हसायला गेली. काहीतरी गमतीचं तोंडावर आलंही होतं. ते तिनं गिळलं.

“काही ऐकत नव्हते गं,” ती म्हणाली. “पाय लटपटायचे. पडू नये म्हणून त्याला धरून उभी असायचे.”