कधीपर्यंत हवे?

वाचकहो, तुमच्या घरात, निदान शेजारच्या घरात, असा एक माणूस असतोच, की ज्याच्याबरोबर साधी छत्री घ्यायला निघालं तरी चार दुकानं पालथी घालून हात हलवत परत यावं लागतं. हा माणूस कंजूस नसतो आणि आळशी तर मुळीच नसतो. त्याला फक्त सगळ्यात योग्य वस्तू सगळ्यात योग्य वेळी घ्यायची असते. पुढची गोष्ट अशाच एकाची आहे. ती सांगताना मला त्याचा राग येतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

एका मोठ्या इस्पितळाच्या खरेदी विभागात तो हेडक्लार्क होता. खाटा असोत की कापूस, तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मगच सही करायची, हे त्याचं काम. हे काम तो इतकं मन लावून करी, की त्याच्यामागे सगळे त्याला तुलनाराव म्हणत. मागणीपत्र टेबलावर आलं की तो आधी वरचा उजवा चौकोन बघे. तिथे छापलेलं असे, 'कधीपर्यंत हवे?' चौकोन रिकामा दिसला की मागणी कितीही मोठ्या डॉक्टरची असो, लाल पेनानं 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असं लिहून तो कागद आल्या पावली परत धाडी. वस्तू केव्हा लागणार हेच माहीत नसेल तर मी तुलना कशाची करू, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं.

घरी बायको, शाळेत जाणारी मुलगी चिंगी आणि वडील. वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांनी एकतीस वर्षं प्रवासी बस चालवली आणि एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. तो बराच पुढे गेलेला होता. फेरी अर्धी झाली असताना त्यांना डेपोत बोलावून घेतलं, बस दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्यांना चाव्या वाटायच्या खिडकीत बसवलं. हातातली फेरी आपली शेवटची आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आबा त्याबद्दल कधी बोलत नसत. पण रस्त्यावरून बस गेली की त्यांचा उजवा पाय नकळत खाली दाबला जाई.

गेल्या वर्षी चिंगीला बूट घ्यायला म्हणून आबा तिच्याबरोबर बाजारात गेले. वाटेत गेमच्या कन्सोलचं दुकान लागलं. दारातच एक कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, मांडून ठेवला होता. समोर मोठा पडदा, खुर्चीपुढे कडेला ओरखडे पडलेलं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि क्लच. पडद्यावर शहरातल्या बसचा खेळ चालू होता. चिंगीनं आबांना जवळजवळ ढकलूनच खुर्चीत बसवलं. पहिली दोन मिनिटं मागे उभी असलेली पोरं हसली, कारण आबा वेग वाढवत नव्हते, प्रत्येक थांब्यावर थांबत होते आणि दार बंद झाल्याशिवाय गाडी हलवत नव्हते. मग पोरं गप्प झाली आणि बघत राहिली. वीस मिनिटांनी आबा उठले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. घरी येऊन त्यांनी सुनेला सांगितलं, "आज बस चालवली मी."

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला विचारलं, तसलं काही आपल्याकडे घेता येईल का. जन्मात त्यांनी मुलाकडे काही मागितलं नव्हतं. तुलनाराव खूश झाला. घेऊ की, म्हणाला, जरा बघतो.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. एक कन्सोल डिस्कवाला, एक बिनडिस्कचा. एक साधा आणि एक त्याचाच ताकदवान थोरला भाऊ. एकाचं स्टिअरिंग दुसऱ्याला चालत नव्हतं. बसचा खेळ एकावर डिस्कवर मिळे, दुसऱ्यावर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागे. तुलनारावानं मोठा कागद घेऊन तक्ता आखला आणि पाहता पाहता त्याचे अठरा रकाने झाले. सतरावा रकाना भरत असतानाच बातमी आली, की कंपनी नवीन आवृत्ती काढते आहे. झालं. आता जुनी घेणं म्हणजे वेडेपणा. नवीन येऊ दे, निदान जुनीची किंमत तरी उतरेल. मग नवीन लांबणीवर पडली. मग तिचीही छोटी आवृत्ती येणार असं कुठेतरी वाचनात आलं.

आबा आधी दर रविवारी विचारत. मग महिन्यातून एकदा विचारू लागले. प्रश्नही बदलला. घेतलं का, असं विचारायचं सोडून ते विचारायचे, "आलं का रे नवीन?"

आता तुम्हाला वाटेल, मुलगा निगरगट्ट असेल. तसं असतं तर मी ही गोष्ट लिहिलीच नसती. दर तीन महिन्यांनी रजा टाकून तो स्वतः आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेई. दिवसातून तीनदा थेंब घालायचे ते तोच घाली. तपासणीत एक कागद छापून निघे, आबांना कुठवर दिसतं त्याचा गोल नकाशा. दिसतं तिथे पांढरं, दिसत नाही तिथे काळं. प्रत्येक वेळी काळं कडेकडून आत सरकलेलं असे. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरबाई सांगत, आपण उरलेलं राखायचं. तो मान हलवी, कागदावर तारीख घाली आणि व्यवस्थित फायलीला लावी.

आबा दाराच्या चौकटींना धडकू लागले. जेवताना ताटाशेजारची वाटी त्यांना सापडेना. एका दुपारी बायको लवकर घरी आली, तर आबा खोलीत खुर्चीवर बसलेले, हातात पिठाची चाळण. चाळण दोन्ही हातांनी धरून ते हळूहळू डावीकडे वळवत होते, पाय फरशीवर दाबत होते आणि तोंडानं एकेका थांब्याचं नाव घेत होते. ती दारातूनच मागे फिरली आणि मोरीत जाऊन रडली.

संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याच्या काळजात चर्र झालं. आणि त्यानं काय करावं? तक्ता काढला! नवीन आवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. तो तिला समजावू लागला, की एवढं थांबलो, आता तीन महिन्यांसाठी जुनं गळ्यात कशाला मारून घ्यायचं, आबांना चांगल्यातलं चांगलं मिळू दे.  ती उठली आणि आबांच्या वाटेतलं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवून आली.

पुढची तपासणी त्याच आठवड्यात होती. या वेळच्या नकाशात मधोमध नाण्याएवढं पांढरं उरलं होतं. तुलनारावानं आबांना बाहेर बसवलं आणि आत जाऊन विचारलं, "तीन महिने तरी राहील ना एवढं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहील, किंवा नाही राहणार. मला तारीख नाही देता येणार."

रात्रभर तो तक्ता पुढे घेऊन बसला. सकाळी कामावर गेला तो थेट तळमजल्यावर, औषधांच्या भांडाराकडे. तिथल्या बाई त्याच्याहून वयानं आणि नोकरीनं मोठ्या. त्यांच्या भाच्याला या खेळांतलं सगळं कळतं, असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं तक्त्याची फाईल त्यांच्यापुढे ठेवली आणि भाच्याला एकदा दाखवाल का, म्हणून विचारलं. शेवटी उरलेल्या दोन कन्सोलांतला कुठला घ्यावा ते ठरत नव्हतं.

बाईंनी चष्मा लावला. तक्ता उलगडला, अठराही रकाने वाचले आणि पान उलटलं. खाली गोल नकाशे होते.

"हे काय?"

"आबांच्या डोळ्यांचे रिपोर्ट. चुकून याच फायलीत लागलेत."

बाईंनी ते काढले आणि औषधांच्या खोक्यावर तारखेप्रमाणे ओळीनं मांडले. पाच कागद. काळं सरकत सरकत आत आलेलं. तुलनारावानं ते एकेक करून पाहिले होते, ओळीनं कधीच पाहिले नव्हते. त्यानं तोंड फिरवलं.

"साहेब, इकडे बघा," बाई म्हणाल्या. "माझ्या या भांडारात रोज काही ना काही फेकून द्यावं लागतं. वाईट असतं म्हणून नाही, चांगल्यातलं चांगलं असतं. पण पेशंट असतो तेव्हा ते पोचत नाही, आणि पोचतं तेव्हा पेशंट नसतो. म्हणून तर तुम्ही आमचे कागद परत पाठवता. पाठवता ना?"

त्यानं मान हलवली.

"मग एवढ्या तक्त्यात तो रकाना कुठे आहे, दाखवा मला."

त्यानं तक्ता जवळ ओढला. किंमत होती, वजन होतं, आवाज किती करतो ते होतं, वीज किती खातो तेही होतं. 'कधीपर्यंत हवे?' कुठेच नव्हतं. बाईंनी त्याच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि तक्त्यावर आडवं लिहिलं, 'त्रुटी पूर्ततेसाठी परत.'

"कंपनी पुढल्या वर्षी आणखी चांगलं यंत्र काढेल, त्याच्या पुढल्या वर्षी त्याहून चांगलं," त्या म्हणाल्या. "आबांची नवी आवृत्ती कोण काढणार आहे?"

तुलनाराव तिथेच खोक्यावर बसला. गेलं वर्षभर आपण वडिलांसाठी झटतो आहोत, असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो त्यांच्या नजरेचे उरलेले दिवस खर्ची घालत होता! आणि ते दिवस त्याचे नव्हते.

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आधी न कळवता अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि धावतपळत ते दुकान गाठलं. पण दारातली मांडणी उठलेली होती. स्टिअरिंगचे जुने संच बनायचे बंद झाले, विक्रेता म्हणाला, नवीन आवृत्तीबरोबर नवीन येतील, तीन महिने थांबा. थांबा! हा शब्द त्यानं किती वेळा किती जणांना ऐकवला होता.  दारात मांडलेला होता तो कुठे गेला, असं त्यानं विचारलं. तो मागे पडलाय साहेब, वापरून झिजलाय, एका कडेला ओरखडे आहेत, तसला कोण घेणार, म्हणून आम्ही बांधून ठेवलाय.

"मी घेतो," तुलनाराव म्हणाला. ना दुसरं दुकान, ना दुसरं कोटेशन. विक्रेत्यालाच शंका आली, की गिऱ्हाइकाला बरं नाही की काय.

चार वाजता घरच्या टीव्हीला जोडणी झाली. आबांना स्टिअरिंगपुढे बसवलं. त्यांनी ते हातांनी चाचपलं, कडेचे ओरखडे बोटांना लागले तेव्हा म्हणाले, "हे दारातलंच की!" चिंगीनं खेळ चालू केला. आबा बघत राहिले, पण हात हलेनात.

"नुसता रस्त्याचा एक तुकडा दिसतोय," ते म्हणाले. "बाकी कुठंय?"

 गेल्या वर्षी याच खेळात त्यांनी सगळे थांबे ओळखले होते. मग चिंगी म्हणाली, "आबा, खुर्ची मागे घेऊ या." खुर्ची, स्टिअरिंग, पेडल, सगळं हातभर मागे ओढलं. थोडं जास्त दिसलं. आणखी मागे घेतलं. पाठ भिंतीला लागली. मग पलंग हलवला, वायर ओढून लांबवली आणि खुर्ची दारातून बाहेर, जिन्याच्या चौकात नेली. तिथून पडदा एवढासा झाला आणि आबांच्या नाण्याएवढ्या नजरेत कसाबसा मावला.

"हं. आता दिसतंय," आबा म्हणाले.

बाजूचं मात्र दिसत नव्हतंच. ते चिंगीनं अंगावर घेतलं. डावीकडे सायकल, आबा. उजवीकडे रिकामं. थांबा आला. तुलनाराव पायरीवर बसून वायर धरून होता, ती सुटू नये म्हणून. शेजारचे लोक जिना चढताना थबकले, पण कोणी आबांना हटकलं नाही. आबांनी पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत अख्खी फेरी केली. शेवटी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, सगळे प्रवासी उतरेपर्यंत वाट पाहिली आणि मगच हात खाली घेतले.

"ती फेरी अर्धी राहिली होती," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

त्यानंतर रोज चार वाजता खुर्ची चौकात निघे. हे एकूण एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी आबांनी खूप वेळ समोर पाहिलं आणि म्हणाले, चिंगे, आज तू चालव, मी आवाजावरून सांगतो. त्या दिवसापासून स्टिअरिंग चिंगीकडे गेलं.

नवीन आवृत्ती दोन महिन्यांनी एकदाची आली. टीव्हीवर तिची जाहिरात लागली तेव्हा आबा आणि तुलनाराव शेजारी बसले होते. आबांनी आवाजावरून ओळखलं.

"आलं वाटतं नवीन. चांगलं आहे का रे?"

"खूप चांगलं आहे म्हणतात."

"मग आपण घाई केली काय?"

तुलनारावानं त्यांचा हात हातात घेतला. "नाही आबा. मी उशीर केला. पहिल्याच रविवारी आणलं असतं, तर तुम्हाला वर्षभर बस मिळाली असती."

 आबांनी हात सोडवून घेतला नाही.

वाचकहो, तुलना करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा, चार दुकानं फिरा. पण ज्याच्यासाठी घ्यायचं त्या माणसाजवळ आधी बसा आणि तुला कधीपर्यंत हवं, हे विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्याकडे नीट बघा. तुलनारावाच्या त्या तक्त्याला आता एकोणिसावा रकाना आहे, सगळ्यांच्या आधी, लाल शाईत आखलेला. आबांना दिसेनासं झाल्यावर त्यात लिहायला मात्र आता काही उरलेलं नाही.