खांडा कुणाचा?

एकतीस चाचण्या, एकतीसच्या एकतीस हिरव्या, म्हणजे पास! देवासच्या अकरावीतल्या शिवांगीच्या 'गोळीघंटी'चा हा रुबाब. प्रोग्राम साधाच: सकाळ-संध्याकाळ अमझेऱ्याच्या आत्याआजींना, यमुनाबाईंना, रक्तदाबाच्या गोळीचा मेसेज पाठवायचा. शनिवारी धारला विज्ञान प्रदर्शन होतं, आणि तिथं परीक्षकांसमोर चाचण्या चालवून दाखवायच्या होत्या.

आता चाचणीत दरवेळी खरा मेसेज कोण पाठवणार? म्हणून तिथं खऱ्या मेसेज-सेवेच्या जागी एक नकली उभा केलेला. काहीही सांगा, तो म्हणणार, "हो, पाठवला."

शुक्रवारी संध्याकाळी शिवांगीला नको ती हौस आली. असे नकली बनवून देणाऱ्या तयार कोडचं, म्हणजे लायब्ररीचं, नवं व्हर्जन तिनं टाकलं, आणि सतरा चाचण्या लालभडक!

"अरे भिया, ये तो गई!" मोठा भाऊ राजवीर खिदळला. "जुनं व्हर्जन परत टाक. सगळं हरं झालं की चल धारला. कुणाला कळतंय?"

शिवांगीचं बोट तिथवर गेलंही होतं. पण हे झालं कशानं, हा किडा डोक्यात वळवळत होता. तिनं लायब्ररीच्या बदलांची यादी उघडली. पहिलाच बदल: यापुढे नकली अस्सलाच्या मापाचा हवा, अस्सलाला जे काम येत नाही, त्याला नकलीही नकार देईल.

म्हणजे आपला प्रोग्राम सांगतो ते 'लगेच पाठव' हे काम अस्सलाला येतच नाही?

नव्हतंच येत. आठवड्यापूर्वी मेसेज-सेवेनं ते काम काढून टाकलं होतं, आणि त्यांचं नवं सॉफ्टवेअर शिवांगीनं बदल न वाचताच टाकलं होतं. तिचा नकली मात्र रोज "हो, पाठवला" म्हणत बसला होता.

तिनं अमझेऱ्याला फोन लावला.

"आत्याआजी, मेसेज येतात ना?"

"आठ दिवस झाले गं, बंद आहेत. म्हटलं, पोरीची परीक्षा असेल."

"आणि गोळ्या?"

"कधी घेतल्या, कधी राहिल्या."

शिवांगी रडकुंडीला आली. नकली, अस्सल, सगळं भडाभडा सांगून टाकलं. आत्याआजी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या लग्नातला खांडाच की! नवरदेव आले नाहीत, त्यांच्या जागी त्यांची तलवार आली. रीतच होती. पण माझ्या वडिलांनी, आबासाहेबांनी, आधी मुठीवरचं नाव वाचलं, म्यान ओळखलं, मगच अक्षता पडू दिल्या. भलत्याची तलवार असती तर मी कुणाच्या घरी गेले असते गं?"

फोन ठेवल्यावर शिवांगीनं नकलीचा कोड उघडला. तिनं उभा केलेला खांडा कुणाचा, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

राजवीरनं विचारलं, "काय मग, जुनं टाकू?"

"हात लावशील तर बघ!"

आधी तिनं खरा मेसेज जाईल अशी दुरुस्ती केली, मग लाल चाचण्यांना हात घातला. जेवणाची हाक आली तेव्हा तीन उरल्याच होत्या.

शनिवारी सकाळी धारला परीक्षकांनी त्या तिन्हींवर बोट ठेवलं. "ये तीन लाल क्यों?"

"सर, ये अभी सचमुच नहीं चलते," शिवांगी म्हणाली.

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षिसाचं काही खरं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आली गं तुझी घंटी," आत्याआजी म्हणाल्या. "थांब, पाणी घेते."

आणि पलीकडे गोळी गिळून होईपर्यंत शिवांगीनं फोन कानावरून काढला नाही.